गावात बेसबॉल सुरू करताय? आधी पोरांच्या हातांचा हिशेब ठेवा

तालुक्याच्या शाळेत बेसबॉलचा संघ साधारण असाच उभा राहतो: सॉफ्टबॉल खेळलेली चार पोरं, क्रिकेटच्या संघात नंबर न लागलेली सहा-सात, तीन-चार ग्लोव्ह, एक बॅट आणि मुख्याध्यापकांनी "तुम्हीच बघून घ्या" म्हटलेले क्रीडाशिक्षक. नियम आठवड्याभरात समजतात. दुखापतींचं मात्र कोणी सांगत नाही. पहिलं पोरगं हात धरून खाली बसलं की मग धावाधाव सुरू होते. हा लेख अशा शिक्षकांसाठी, नव्याने खेळायला लागलेल्या पोरापोरींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

बेसबॉलमध्ये दोन तऱ्हेचं दुखणं येतं. चेंडू तोंडावर आदळतो, घोटा मुरगळतो, गुडघा सोलतो. हे सगळ्यांना दिसतं आणि त्यावर लगेच काहीतरी केलंही जातं. दुसरं दुखणं चेंडू फेकणाऱ्याच्या कोपरात आणि खांद्यात महिनोन्‌महिने साचत जातं. सूज नाही, जखम नाही, पोरगं रोज मैदानावर हजर. माझ्या मते खरी भीती बाळगायची ती याची, म्हणून पुढे सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

पायरी १: मैदान पायाखालून घाला

सरावाआधी सगळ्या संघाने हातभर अंतर ठेवून एका ओळीत उभं राहायचं आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. दिसेल तो दगड, काच, बाभळीचा काटा, सराटा उचलायचा. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात. आऊटफिल्डरची, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात उभ्या राहणाऱ्या खेळाडूची, नजर वर चेंडूकडे असते, पाय मागे पळत असतात. भेग त्याला दिसतच नाही. मुरूम टाकून भेगा बुजवा. सगळं मैदान झेपत नसेल तर खेळाडू उभे राहतात तेवढा भाग तरी बुजवा आणि उरलेल्या भागाला चुन्याची रेघ मारून तिकडे धावायची मनाई करून टाका. पावसाळ्यात चिखल बुटाला चिकटून पाय उचलवत नाही. त्या दिवशी धावणं रद्द करून व्हरांड्यात ग्लोव्हचा सराव घ्यावा.

मैदान शेताला लागून असेल तर चेंडू तुरीत नाही तर पऱ्हाटीत जाणारच. अनवाणी कोणी मागे जायचं नाही, आधी काठीने झाडं हलवायची, अंधार पडला असेल तर चेंडू सकाळपर्यंत तिथेच राहू द्यायचा. साप-विंचू बेसबॉलच्या कोणत्याच पुस्तकात सापडणार नाहीत, पण आपल्याकडे ते मैदानाचाच भाग आहेत. जवळपास कठडा नसलेली विहीर असेल, तर फटका तिकडे जाणार नाही अशा बेताने होम प्लेटची, म्हणजे बॅटर जिथे उभा राहून मारतो त्या जागेची, दिशा ठरवा.

पायरी २: पोरगं कुठून आलंय ते विचारा

क्रिकेटमधून आलेलं पोरगं पहिल्याच दिवशी चेंडू हातात तोलून म्हणतं, "सर, हा तर हलका आहे." खरं आहे. क्रिकेटचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा. पण क्रिकेटमध्ये गोलंदाज धावत येतो आणि कोपर सरळ ठेवून चेंडू टाकतो. पिचर, म्हणजे बेसबॉलमध्ये बॅटरला चेंडू टाकणारा, जागेवर उभा राहून, कोपर वाकवून, १८.४४ मीटरवरच्या कॅचरकडे (बॅटरमागे बसून चेंडू घेणाऱ्याकडे) पूर्ण ताकदीने फेकतो, आणि तेही एकामागून एक. व्यावसायिक पिचरचा खांदा त्या क्षणी सेकंदाला ७,००० अंशांच्या आसपासच्या वेगाने आत फिरतो. तो झटका सोसतात कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध (हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा) आणि खांद्याच्या आतले लहान लहान स्नायू. वजन कमी म्हणून हाताला त्रास कमी, हा हिशेब इथे चालत नाही.

दुसरी चौकशी घरच्या कामाची. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, पुढे कापसाची वेचणी, आणि शाळांच्या स्पर्धाही साधारण याच हंगामात येतात. रविवारी दिवसभर वावरात राबलेलं पोरगं सोमवारी सकाळी तुमच्यासमोर उभं असतं. त्याचा हात आधीच थकलेला असतो, आणि हे ते आपणहून कधीच सांगत नाही. "काल कुठे होता रे?" एवढं विचारलं तरी कळतं. त्या दिवशी त्याला पिचिंग देऊ नका.

अंग तापवायचा क्रम सोपा आहे: मैदानाच्या दोन फेऱ्या, मग मांड्या, पोटऱ्या, कंबर आणि खांदे फिरवणारे व्यायाम, आणि त्यानंतरच चेंडू. पहिले फेक दहा-बारा मीटरवरून, हळू. मग चार-चार पावलं मागे सरकत २७ मीटरपर्यंत, म्हणजे एका बेसपासून (धावताना गाठायच्या खुणेपासून) दुसऱ्या बेसच्या अंतरापर्यंत जायचं. हात गरम करायचा म्हणून आल्या आल्या जोरात फेकत सुटणारे असतात. त्यांना पहिल्याच आठवड्यात अडवा.

पायरी ३: पिचरच्या हाताची वही

नऊ ते चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा, म्हणजे अजून पक्कं न झालेलं मऊ हाड, असते. हाड लांबीने वाढतं ते तिथून. ही कूर्चा शेजारच्या अस्थिबंधापेक्षा कच्ची असते. चेंडू फेकताना दर वेळी कोपराच्या आतल्या उंचवट्यावर ओढ बसते. ओढ रोज बसत राहिली आणि मध्ये विश्रांती मिळाली नाही, तर कूर्चा सुजते आणि कधी हाडापासून सुटायला लागते. खांद्यातही असंच होतं. मोठ्या मुलांत हाड पक्कं झालेलं असतं, तेव्हा भार अस्थिबंधावर येतो आणि तो झिजत झिजत फाटतो.

अमेरिकेत टॉमी जॉन नावाच्या पिचरचा हा अस्थिबंध १९७४ साली गेला. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हाताच्या मनगटाजवळची एक शीर, म्हणजे स्नायूबंध, काढून कोपरात बसवली. १९७६ मध्ये तो परत खेळायला लागला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्या शस्त्रक्रियेला आजही त्याचंच नाव आहे. पण त्यानंतर परत पिचिंग करायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं, आणि त्यासाठी तसा सर्जन आणि रोजचा फिजिओथेरपिस्ट लागतो. दर्यापूर, आर्णी किंवा सिंदेवाहीच्या पोराच्या बाबतीत हा हिशेब जुळवणं किती अवघड, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून एक शंभर पानी वही करा. एका पानावर एक पिचर. तारीख, किती चेंडू टाकले, कुठे दुखतं का. सामन्यात राखीव खेळाडूपैकी एकाला सीमेवर बसवून दर चेंडूला एक रेघ मारायला लावा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. हे काम पोरं फार आवडीने करतात, आणि कोणाचे किती झाले यावर पंचापेक्षा त्यांचीच नजर पक्की असते.

मर्यादा किती ठेवायची? अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉल (तिथली सगळ्यात वरची व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल या संस्थांनी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाने वयानुसार आकडे दिले आहेत. दिवसाला जास्तीत जास्त चेंडू असे: ९-१० वर्षांना ७५, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५ आणि १७-१८ ला १०५. याहून महत्त्वाची आहे मधली सुटी. चौदा वर्षांपर्यंतच्या पोराने दिवसात २१ ते ३५ चेंडू टाकले तर पुढचा एक दिवस पिचिंग बंद, ३६ ते ५० ला दोन दिवस, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ च्या वर चार दिवस. १५-१६ च्या मुलांना थोडी सूट आहे: ३० पर्यंत सुटी लागत नाही, ७६ च्या वर मात्र चार दिवस. नवशिक्यांना मी या आकड्यांच्याही बरंच खाली ठेवीन. हे आकडे वर्षानुवर्षं हात तयार केलेल्या पोरांसाठी आहेत, आणि आपला पिचर तीन महिन्यांपूर्वी गोट्या खेळत होता.

अडचण येते ती स्पर्धेत. एका दिवसात दोन-दोन, तीन-तीन सामने लागतात, संघात जमणारा पिचर एकच असतो आणि ट्रॉफी समोर दिसत असते. अशा वेळी पोरगं काय म्हणतं तेही ठरलेलं आहे: "दुखून नाही राहिलं सर, थोडंसं भरून आलं फक्त." त्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, हाताकडे बघा. फेकून झाल्यावर तो कोपरापासून खाली हात झटकतो का? दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कोपराची आतली बाजू दाबतो का? चेंडू सारखे उंच जायला लागले, फेकताना कोपर खांद्याच्या खाली यायला लागलं, दोन चेंडूंमधला वेळ वाढला, की समजा हात संपला. तिथेच बदला. थकलेल्या हाताने वारंवार पिचिंग करणाऱ्या तरुणांवर शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता इतरांच्या ३६ पट असल्याचं अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं.

यावर उपाय एकच: हंगामाच्या सुरुवातीपासून निदान तीन पिचर तयार करा. तिसरा हमखास वाईट टाकेल. टाकू द्या. आणि पिचिंग संपवलेल्या पोराला त्याच सामन्यात कॅचर करू नका. कॅचरही दर चेंडू परत फेकतच असतो, म्हणजे हाताला विश्रांती मिळालीच नाही.

वर्षातून किमान चार महिने फेकणं बंद ठेवा, त्यातले दोन-तीन सलग. आपल्याकडे हे आपोआप जुळतं: मार्चमध्ये परीक्षा, एप्रिल-मेमध्ये अंगाची लाही करणारं ऊन, जूनमध्ये पेरणी. या काळात पोरांना कबड्डी, खो-खो खेळू द्या, विहिरीत पोहू द्या (पोहणं येत असेल आणि मोठं माणूस काठावर असेल तर). वळणारे चेंडू शिकवायची घाईही करू नका. साधा वेगवान चेंडू आणि संथ चेंडू जागेवर पडायला लागेपर्यंत त्याची गरज नसते.

मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची आणि पोराला उभं करायचं, हा प्रकार सर्रास चालतो. गोळीने दुखणं दबतं, ओढ तेवढीच बसत राहते. कोपराच्या किंवा खांद्याच्या दुखण्यावर गोळी देऊन पिचिंग करवायचं नाही, हे स्पर्धेला निघण्याआधी पालकांसमोरच ठरवून घ्या. फेकताना कोपरात ‘कट्’ असा आवाज आला, करंगळी-अनामिकेला मुंग्या आल्या किंवा कोपर पूर्ण सरळ होत नसेल, तर वाट न बघता हाडांच्या डॉक्टरकडे न्या. "खेळताना दुखतं" एवढंच सांगितलं तर डॉक्टर दोन दिवसांची औषधं लिहून देतील. वही सोबत नेली तर पोराने महिन्यात किती फेकलं हे त्यांना दिसेल.

पायरी ४: चेंडूचा मार

बोटांपासून सुरू करू. क्रिकेटची सवय म्हणून पोरगं ग्लोव्ह असूनही मोकळा हात पुढे घालतं आणि चेंडू बोटाच्या टोकावर बसतो. लगेच कोणीतरी पुढे येतं आणि बोट धरून खेचतं. हे खेचणं आधी बंद करा. बोटाचं वरचं पेर खाली लोंबत असेल आणि आपणहून सरळ होत नसेल तर आतली शीर तुटलेली असते. आईस्क्रीमची काडी लावून बोट सरळ बांधा आणि एक्स-रे काढा. पुढे सहा ते आठ आठवडे ते पेर सतत सरळ बांधलेलं राहावं लागतं, आंघोळीलाही वाकवायचं नाही. मधेच वाकलं तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. अंगठ्या, बांगड्या, मनगटातले धागे-दोरे सरावाआधीच काढून ठेवायचे, कारण सूज आल्यावर ते कापावे लागतात. कॅचरने मोकळा हात पाठीमागे धरायचा, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा.

डोकं. १९२० साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड संघाच्या रे चॅपमन या खेळाडूच्या डोक्याला पिचरचा चेंडू लागला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मेजर लीगमध्ये हेल्मेट सक्तीचं व्हायला मात्र १९७१ उजाडलं. आपण थांबायचं कारण नाही: बॅटर आणि बेसवर धावणारे, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. कॅचरला मास्क, छातीचं आणि पायाचं संरक्षण आणि मुलांना गार्ड, त्याशिवाय बसायचंच नाही. सामान नसेल तर पिचरला प्लेटमागच्या जाळीवर टाकायला लावा.

डोक्याला मार लागल्यावर पोरगं चक्कर येते म्हणालं, उलटी झाली, तेच तेच विचारायला लागलं, गोंधळल्यासारखं वाटलं, तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरांना दाखवायचं. शुद्ध हरपली, झोपेतून उठवून उठत नाही, डोकेदुखी वाढत चालली, तर १०८ ला फोन करा.

नव्या संघात चेंडूइतकीच बॅटही धोक्याची. कोपऱ्यात उभं राहून हवेत बॅट फिरवणारं पोरगं आणि त्याच्या मागून पाणी प्यायला जाणारं दुसरं, एवढं पुरेसं असतं. बॅट एका वेळी एकाच्याच हातात राहील, बाकीच्या जमिनीवर.

छातीवर मधोमध चेंडू लागून पोरगं कोसळलं आणि हाक मारली तरी हलत नाही, श्वास नीट चालत नाही, असं क्वचित होतं, पण तेव्हा मिनिटामिनिटाला किंमत असते. मार विशिष्ट क्षणी बसला तर हृदयाचा ठोका बिघडतो आणि हृदय थांबतं. छातीचं संरक्षण घातलं म्हणजे हा धोका पूर्ण टळला असं नाही. १०८ ला फोन एकाने करायचा, दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध तळहात ठेवून जोरात दाबायला सुरुवात करायची: मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण पाच सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना एक दिवस शाळेत बोलावून हे सगळ्या संघाला शिकवायला सांगा.

पक्का दात पडला तर तो वरच्या पांढऱ्या बाजूने धरा, मूळ घासू नका, वाटीभर दुधात टाका आणि तासाभरात दंतवैद्य गाठा. गावात दूध सगळीकडे मिळतं, एवढं आपल्या बाजूने आहे.

पायरी ५: घसरून बेस गाठणं

मुरमाच्या मैदानावर पायांनी घसरत जाणं शिकवायचं असेल तर आधी गवतावर किंवा भिजवलेल्या ताडपत्रीवर शिकवा. डोकं पुढे करून झेप घेणं लहान मुलांना पूर्ण बंद. बेस म्हणून वीट, दगड किंवा खिळ्यांनी ठोकलेली फळी कधीच नको, घोटा आणि मनगट मोडायचं ते तिथेच. जोरात पाय बसला तर जागेवरून सुटेल असा सपाट बेस ठेवा. सोललेली जागा वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, माती राहू देऊ नका, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते घरी विचारा.

पायरी ६: ऊन

मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूर ४५ अंशांवर जातात. कॅचर अशा वेळी अंगावर सगळं सामान चढवून बसलेला असतो. उन्हाळी शिबिर घ्यायचंच असेल तर सकाळी सहा ते आठ, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. ओआरएस नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पोरगं बरळायला लागलं, अंग भाजतंय, तर सावलीत न्या, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ बोलवा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका.

पायरी ७: मुरगळलं, लचकलं तर पहिले दोन दिवस

बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दोन-तीन तासांनी पुन्हा. बर्फ मिळत नाही अशी तक्रार असते, पण किराणा दुकानाच्या फ्रीजरमध्ये गोठवलेला पाण्याचा पाऊच अगदी नेमक्या मापाचा असतो. घोट्याभोवती लवचिक पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. चोळणं, शेकणं आणि लचक काढून घेणं या दोन दिवसांत नको. घरात आजी हळद-चुन्याचा लेप काढून तयार असते. तिला दुखवू नका, पण त्वचा फुटली असेल तर तो लावू देऊ नका. घोटा मुरगळल्यावर पोराला चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबताच ओरडत असेल, तर एक्स-रे हवाच. हाड वाकडं दिसत असेल तर हाडवैद्याकडे नेऊन ते बसवून घेऊ नका. आहे त्या स्थितीत लाकडी पट्टी आणि दुपट्ट्याने बांधून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या.

मांडीचा मागचा स्नायू धरला जाणं हे पहिल्या बेसकडे पळणाऱ्यांचं नेहमीचं दुखणं. चालणं सुधारलं की पोरगं लगेच वेगात पळतं आणि पुन्हा तिथेच धरतं. आधी संथ धावणं विनादुखणं जमायला हवं.

पायरी ८: परत येताना

हात दुखून थांबलेल्या पिचरला परत आणताना डॉक्टरांचा होकार घ्या आणि मगच सुरू करा: हात पूर्ण सरळ आणि पूर्ण वाकतो, दाबल्यावर दुखत नाही, रोजच्या कामात दुखत नाही. मग दिवसाआड दहा मीटरवरून वीस-पंचवीस हळू फेक. दोन-तीन वेळा काही दुखलं नाही तर पंधरा मीटर, मग वीस, मग सत्तावीस. त्यानंतर पिचिंगच्या जागेवरून अर्ध्या जोराने, आणि शेवटी पूर्ण जोराने. कुठल्याही टप्प्यावर दुखलं तर दोन दिवस थांबून एक टप्पा मागे. पूर्ण प्रवासाला दीड-दोन महिने लागले तर ते सामान्य समजा. हे फेकही त्याच वहीत लिहा. संघात राहायचं म्हणून दुखणं लपवू नये, यासाठी मधल्या दिवसांत त्याला बॅटिंग द्या, नाहीतर पहिल्या बेसवर उभं करा. तिथे बहुतेक वेळा चेंडू घ्यावा लागतो, लांब फेकावा क्वचितच लागतो.